वजनमाप

बत्तीस वर्षं वजनमापं खात्यात काढली मी,
मशीद बंदरच्या पेढ्यांवर तराजूची दांडी बघत.
नजर अजून सुटलेली नाही त्यातून.
पहिली बशी आली आणि मनात आकडा उमटला:
सहा ग्रॅम. खालच्या दगडासकट दीड किलो.

दगड खायचा नव्हता. आधी विचारून घेतलं.

मृण्मयीनं डब्लिनहून पैसे भरले होते,
आमच्या लग्नाला चाळीस झाली म्हणून.
काळ्या घोड्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर, पाटी नसलेलं दार;
शरयूनं नारायणपेठ नेसली होती,
खुर्ची इतकी मऊ की ती निऱ्यांसकट आत गेली
आणि रात्रभर थोडी बुटकी दिसत राहिली.

अकरा पदार्थ. प्रत्येकाला एक गोष्ट.
गोष्ट मोठी, पदार्थ छोटा.
'समुद्राची आठवण' म्हणून फेस आला,
फेसाखाली बोंबलाचा कागद, आरपार दिसणारा;
त्यातून मला पलीकडच्या टेबलावरचा वाढदिवस दिसला.
'धूर' नावाच्या पदार्थात धूरच होता.
काचेचं झाकण उचललं, तो गेला.
आम्ही झाकणाकडे बघत राहिलो,
काही राहिलं असेल तर म्हणून.

सातव्या खेपेला वाल आला.
एक.
सोललेला, चांदीच्या चमच्यात,
नारळाच्या दुधाच्या थेंबावर अलगद निजवलेला.
वाढणारा मुलगा इंग्रजीत सांगू लागला,
हे इथलं जुनं कडधान्य, हे रात्रभर भिजवतात,
मग फडक्यात बांधतात, मग एकेक हातानं…
शरयूनं सगळं ऐकून घेतलं.
तिच्या चिमटीतून किती पायल्या वाल गेले असतील:
कोमट पाण्यातून उचलायचा, दाबायचा,
दाणा निसटून परातीत, साल बोटाला.
श्रावणात तिच्या नखांना आठवडाभर तो वास असे,
उग्र, हिरवट, मला न आवडणारा.
चाळीस वर्षांत हे मी तिला सांगितलेलं नाही.

तिनं दाणा तोंडात टाकला.
"मोड नीट आला नव्हता," म्हणाली,
मला नाही, चमच्याला.

मग मान वर करून त्या मुलाला,
"बाळा, तू जेवलास का?"

त्याचं पाठांतर तुटलं.
छातीवरच्या पट्टीवर नाव होतं नील.
"नीलकंठ," तो म्हणाला, एकदम मराठीत, "पेणचा.
आमचं साडेचारला होतं, काकू. खिचडी.
आज लोणचंही होतं."
"पोटभर?"
"दोनदा घेतली."

दोनदा. मी नोंद केली.
साडेतीनशे ग्रॅम, कमीत कमी.
आठवा पदार्थ कशाचा, हे तो मग विसरलाच,
आत जाऊन विचारून आला.

खोटं का बोलू, नववा बरा होता.
आंबेहळद, आणि काहीतरी गार.
बरा आहे हे कळेपर्यंत संपला.

घरी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.
शरयूनं साडीही बदलली नाही,
सरळ फळीवरून चिवड्याचा डबा काढला.
आणि तेवढ्यात फोन.
"कसं होतं?" मागे तिकडची बस, तिकडचा वारा,
ती ऑफिसातून निघत होती.
"अगं काय सांगू," शरयू म्हणाली,
"एकामागून एक येतच होतं."
हे खरं होतं.
"बाबा, तुम्हाला काय आवडलं?"

माझ्या तोंडात भाजके पोहे होते.
चावले असते तर डब्लिनपर्यंत ऐकू गेलं असतं.
मऊ पडेपर्यंत थांबलो.

वजनात कमी भरलं की पावती फाडायचो मी,
ओळखीचा असो, नात्यातला असो.
मेहुण्याच्या दुकानाचीही फाडली होती एकदा,
दोन वर्षं सासरी कोणी नीट बोललं नाही.

"भरपूर होतं," मी म्हणालो, "भरपूर."

शरयूनं माझ्याकडे पाहिलं
आणि डबा स्वतःकडे ओढला.